मेन पॅराशूट माथ्यावरच उघडतंय? अल्टिमीटर बदलण्याआधी नोजकोन बघा

रॉकेट पॅडवरून छान सुटतं, सरळ वर जातं, पाच हजार फुटांवर, म्हणजे उड्डाणाच्या माथ्यावर, पोचून वळतं, आणि तिथेच दोन्ही पॅराशूट एकदम बाहेर पडतात. छोटं ड्रोग यायलाच हवं होतं. पण पाचशे फुटांवर उघडायचं मोठं मेनही त्याच्या पाठोपाठ फुलतं. मग साडेचार-पाच मिनिटं मान वर करून बघत राहायचं आणि रॉकेट वाऱ्याबरोबर डोंगराच्या दिशेने निघालेलं असतं. दोन टप्प्यांत पॅराशूट उघडणारी रॉकेटं उडवणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. एकदा आला की तो पुन्हा पुन्हा येतो, कारण मूळ कारण न शोधताच पुढचं उड्डाण केलेलं असतं.

माझ्या बाबतीत हे सलग दोन लाँचना झालं. कारण सापडायला तीन महिने गेले, आणि त्यातला निम्मा वेळ मी चुकीच्या जागी शोधत होतो. तो वेळ तुमचा जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी रॉकेटची माहिती देतो, म्हणजे पुढचे आकडे कळतील. चार इंच व्यासाचं फायबरग्लासचं रॉकेट, मोटरसकट वजन साधारण साडेपाच किलो, आत ५४ मिलिमीटरची के वर्गाची मोटर. के वर्ग म्हणजे १२८० ते २५६० न्यूटन-सेकंद, त्यासाठी हौशी रॉकेट संघटनेचं लेव्हल २ प्रमाणपत्र लागतं. उडवतो ते लुसर्न ड्राय लेकवर. दक्षिण कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटातला हा कोरडा तळाव, समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० फुटांवर. भेगाळलेली फिकट माती, अगदी सपाट, पायाखाली गवताची काडीही नाही. पण तळावाची कड संपली की क्रिओसोटची काटकुळी झुडपं आणि दगडधोंडे सुरू होतात. माझं रॉकेट दोन्ही वेळा तिकडेच जाऊन पडलं.

रॉकेटची मांडणी नेहमीचीच आहे. खाली मोटर आणि पंखांचा बूस्टर, त्याच्या वरच्या तोंडाशी ड्रोग. मध्ये एव्ही-बे, म्हणजे अल्टिमीटर (उंची मोजून पॅराशूट कधी सोडायचं ते ठरवणारं यंत्र) आणि बॅटऱ्यांचा डबा. त्याला स्क्रूने पक्की बसवलेली पेलोड नळी, नळीत मेन, आणि सगळ्यात वर नोजकोन, म्हणजे टोकाचा शंकू. माथ्यावर पहिला चार्ज, म्हणजे काळ्या पावडरचा छोटा बार, उडतो, बूस्टर एव्ही-बेपासून सुटतो आणि ड्रोग बाहेर येतं. पाचशे फुटांवर दुसरा चार्ज नोजकोन उडवतो आणि मेन उघडतं. मधल्या काळात नोजकोन जागेवर राहतो तो फक्त नायलॉनच्या बारीक शिअर पिनांच्या जोरावर. या पिना तुटण्यासाठीच असतात, मात्र त्या वेळेवर तुटायला हव्यात.

मेन लवकर उघडलं म्हणून रॉकेट फुटत नाही, उलट फारच अलगद उतरतं. त्यामुळे बरेच जण हसून सोडून देतात. मला ते पटत नाही. हिशेब करून बघा. ड्रोगवर रॉकेट सेकंदाला साधारण ७५ फूट उतरतं, मेनवर १८ फूट. पाच हजारांवरून पाचशेपर्यंत ड्रोगवर आलं तर ६० सेकंद आणि उरलेले पाचशे फूट मेनवर २८ सेकंद, म्हणजे एकूण दीड मिनिट. ताशी १५ मैलांच्या वाऱ्यात तेवढ्यात ते १९०० फूट वाहून जातं. मेन माथ्यावरच उघडलं तर हवेतला वेळ २७८ सेकंद होतो आणि रॉकेट ६१०० फूट जातं, म्हणजे मैलापेक्षा जास्त. मोहावीत दुपारी वारा वाढतो, वावटळी उठतात. त्या वाऱ्यात मैलभर गेलेलं रॉकेट हमरस्त्यावर, विजेच्या तारांवर किंवा कुणाच्या आवारात पडू शकतं. तसं झालं तर त्रास फक्त तुम्हाला होत नाही, सगळ्या क्लबची ती जागा धोक्यात येते.

रॉकेटपाशी पोचल्यावर

लगेच सगळं गोळा करून पिशवीत भरू नका. आधी बाजूने जाऊन अल्टिमीटरचा स्विच बंद करा. एखादा चार्ज न उडता आत राहिलेला असू शकतो, म्हणून नळीच्या किंवा नोजकोनच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. त्यानंतर आहे त्याच स्थितीत दोन-चार फोटो घ्या, शॉक कॉर्ड, म्हणजे रॉकेटचे भाग एकमेकांना बांधून ठेवणारी दोरी, कशी पसरली आहे तेही फोटोत येऊ द्या.

आता तीन गोष्टी तपासायच्या. मेनचा चार्ज उडालाय का? पिना कशा तुटल्या आहेत? आणि अल्टिमीटरच्या नोंदीत काय आहे?

यातली पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिचं निम्मं उत्तर रॉकेट हवेत असतानाच मिळतं, म्हणून कुणाला तरी दुर्बीण देऊन ठेवा. माझ्या दुसऱ्या उड्डाणाच्या वेळी एक मित्र दुर्बिणीतून बघत होता. मेन केव्हाच उघडलेलं होतं, रॉकेट संथपणे खाली येत होतं, आणि अगदी खाली आल्यावर तो ओरडला, "आत्ता धूर निघाला! पेलोडच्या तोंडातून!" दोन-एक सेकंदांनी बारीकसा 'फट्' आवाजही आला. घरी नोंद उघडली तर मेनचा चार्ज ५०८ फुटांवर उडाल्याचं स्पष्ट दिसत होतं. अल्टिमीटरने आपलं काम अगदी वेळेवर केलं होतं. नोजकोन मात्र साडेचार हजार फूट आधीच निघून गेला होता.

इथे वाटा फुटतात. मेनचा चार्ज खाली, ठरल्या उंचीवर उडाला असेल तर दोष यांत्रिक आहे, नोजकोन कुठल्या तरी धक्क्याने किंवा दाबाने निघालाय. चार्ज वरच उडाला असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा एव्ही-बेच्या गळतीत आहे. ही एक गोष्ट ठरवल्याशिवाय पुढे काहीही दुरुस्त करू नका.

मी नेमकी हीच चूक केली. पहिल्या उड्डाणानंतर नोंद न बघताच ठरवून टाकलं की अल्टिमीटर बिघडला. नवा मागवला, बसवला, पुढच्या लाँचला घेऊन गेलो, आणि पुन्हा तेच झालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

धक्का: माझ्या रॉकेटमधलं कारण

दुसऱ्या उड्डाणानंतर क्लबमधल्या एका जुन्या, केस पिकलेल्या उडवणाऱ्याला मी नोंद दाखवली. त्याने आलेखाकडे जेमतेम बघितलं आणि विचारलं, "आधी नीट उडत होतं ना? मग मधल्या काळात नोजकोनमध्ये काय घातलंस?"

घातलं होतं. रॉकेट हरवू नये म्हणून जीपीएस ट्रॅकर, त्याची बॅटरी, बसवायची पट्टी आणि प्लायवूडचा बल्कहेड, म्हणजे आडवी चकती. नोजकोन आधी ५०० ग्रॅमचा होता, तो ८५० ग्रॅमचा झाला होता. पिना मात्र तेव्हाच्याच दोन होत्या.

माथ्यावर पहिला चार्ज उडतो तेव्हा काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. बूस्टर एका दिशेला फेकला जातो, पेलोड दुसऱ्या दिशेला. दोघांमधली शॉक कॉर्ड सुटत सुटत जाते आणि संपते. त्या क्षणी पेलोड नळीला जबर हिसका बसून ती जागच्या जागी थांबते. नोजकोन मात्र पुढेच जात असतो. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झेपावतात, तसंच. त्याला धरून ठेवायला फक्त पिना असतात.

हिशेबाला आम्ही ५० जी धरतो, म्हणजे नोजकोनच्या वजनाच्या पन्नास पट ओढ. ५०० ग्रॅमच्या नोजकोनला ती ५५ पौंड होते. २-५६ मापाची नायलॉनची एक पिन साधारण ३० पौंडांना तुटते, त्यामुळे दोन पिना ६०-६५ पौंड धरतात. थोडक्यात का होईना, पण धरत होत्या. ८५० ग्रॅमला तीच ओढ ९४ पौंडांवर जाते. मग दोन पिना टिकायचं कारणच नाही. तीन पिना लावल्या तर गणित काठावर येतं, चार लावल्या तर १२० पौंडांच्या वर आधार मिळतो. ट्रॅकर घातला त्या दिवशीच पिना मोजायला हव्या होत्या.

पिना वाढवणं हा निम्मा इलाज झाला. हिसकाही कमी करायला हवा, आणि तो तीन ठिकाणी वाढतो.

पहिलं ठिकाण म्हणजे ड्रोगचा चार्ज. लागते त्यापेक्षा जास्त पावडर घातली की दोन भाग विनाकारण जोरात फेकले जातात. चार्जचा ढोबळ हिशेब असा: व्यासाचा वर्ग गुणिले पोकळीची लांबी, दोन्ही इंचांत, आणि त्याला ०.००६ ने गुणलं की फोर-एफ (अगदी बारीक दाण्याच्या) काळ्या पावडरचे ग्रॅम मिळतात. त्यातून साधारण १५ पीएसआय (चौरस इंचाला १५ पौंड) दाब तयार होतो, घरच्या कुकरची शिट्टी उचलायला लागतो साधारण तेवढाच. माझी ड्रोगची पोकळी १२ इंचांची, म्हणजे १.१५ ग्रॅम पुरेत. मी घालत होतो अडीच! 'थोडी जास्त असलेली बरी' या सवयीने ती वाढत गेली होती. आता सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घेतलाय आणि प्रत्येक चार्ज मोजूनच भरतो. पावडर मापाच्या चमच्याने अंदाजे घालणं बंद.

दुसरं ठिकाण शॉक कॉर्ड. केव्हलारची कॉर्ड सहजासहजी जळत नाही, पण ताणतही नाही, त्यामुळे तिचा हिसका कोरडा आणि कडक बसतो. नायलॉन ताणतं. मी चार्जजवळचा तुकडा केव्हलारचा ठेवलाय आणि पुढे नायलॉन जोडलंय. कॉर्डची लांबी रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, चौपट-पाचपट असेल तर उत्तम. घडी मात्र नीट घाला. साडीच्या निऱ्यांसारख्या सहा-आठ इंचांच्या निऱ्या घालायच्या, दर तीन-चार निऱ्यांना मास्किंग टेपचा एक वेढा. कॉर्ड सुटताना हे वेढे एकामागून एक फाटत जातात आणि प्रत्येक वेढा थोडी गती खातो. उतरल्यावर कॉर्डवर फाटलेले टेप मोजा. माझे सगळेच्या सगळे फाटलेले होते, यावरूनच ओढ किती होती ते कळायला हवं होतं. शेवटचे दोन-तीन वेढे शाबूत राहिले तर कॉर्ड टोकापर्यंत न ताणताच भागलं असं समजा.

तिसरं ठिकाण म्हणजे दोन अल्टिमीटर असले तर दोन्हींचे चार्ज एकाच क्षणी उडणं. राखीव अल्टिमीटरला माथ्यानंतर एक सेकंदाचा उशीर लावून ठेवा, नाहीतर दुप्पट पावडर एकदम पेटते.

अडकलेली हवा

हे माझ्या रॉकेटमधलं मुख्य कारण नव्हतं, पण त्याच महिन्यात एका मित्राच्या रॉकेटमध्ये निघालं. इतकं सोपं असूनही ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुण्याहून घेतलेलं वेफर्सचं पाकीट महाबळेश्वरला पोचेपर्यंत टम्म फुगलेलं असतं ना? पेलोड नळीचं तेच होतं. नळीतली हवा जमिनीवरची, बाहेरची हवा वर जाताना विरळ होत गेलेली.

लुसर्नच्या उंचीवर हवेचा दाब साधारण १३.२ पीएसआय असतो. तिथून पाच हजार फूट वर गेलं की तो ११ च्या आसपास येतो. फरक सव्वादोन पीएसआयचा, ऐकायला अगदी किरकोळ. पण चार इंची नळीचं तोंड साडेबारा चौरस इंचांचं असतं, म्हणजे नोजकोनला आतून २८ पौंडांचा रेटा बसतो. मित्राचं रॉकेट सहा इंची होतं. त्याचं तोंड २८ चौरस इंचांचं, म्हणून रेटा ६४ पौंडांचा, आणि पिना दोनच. त्याचा नोजकोन माथ्यावर पोचायची वाटही न बघता, रॉकेट वर चढत असतानाच निघाला. त्या वेगात मेन उघडलं आणि शॉक कॉर्डने नळीचं तोंड सात-आठ इंच उभं चिरलं.

नळी पूर्णपणे हवाबंद नसते हे खरं. पण मोटर पेटल्यापासून माथ्यापर्यंत १७-१८ सेकंदच असतात, आणि फायबरग्लासचा घट्ट जोड तेवढ्या वेळात फारशी हवा सोडत नाही. इलाज म्हणजे पेलोड नळीला एक छोटं भोक, पाव इंचाच्या निम्म्याचं, म्हणजे साधारण ३ मिलिमीटरचं. ते नोजकोनच्या खांद्याखाली आणि पॅराशूटच्या कापडाने झाकलं जाणार नाही अशा जागी घ्या. ड्रोगच्या पोकळीलाही तसंच एक. चार्ज उडतो तेव्हा या भोकातून जाणारा वायू नगण्य असतो, त्यामुळे पावडर वाढवावी लागत नाही. माझ्या नळीला हे भोक आधीपासून होतं, पण मी त्यावर रंगाचा नवा हात मारला होता. तुमचं भोक उघडं आहे ना, हे टाचणी घालून बघा.

मेन माथ्याच्या आधीच उघडत असेल, तर पहिला संशय या हवेवर घ्या. दुसरा घ्या मोटर विझतानाच्या झटक्यावर. जोर संपताच पंखांचा बूस्टर हवेच्या विरोधाने एकदम मंदावतो आणि जड नोजकोन पुढे सरकू पाहतो. नुसत्या टेपच्या घर्षणावर बसवलेला नोजकोन तिथेच सुटू शकतो.

चार्ज वरच उडाला असेल तर

आता दुसरी वाट. तुमच्या नोंदीत किंवा दुर्बिणीत मेनचा चार्ज माथ्यावरच उडालेला दिसला, तर आधी वायरी बघा. ड्रोग आणि मेनच्या वायरींची अदलाबदल हे सगळ्यात साधं कारण, आणि त्याची खूण पक्की असते: मेन वर उघडतं, आणि बूस्टर पाचशे फुटांवर येऊन सुटतो. मी आता ड्रोगच्या वायरीवर निळा आणि मेनच्या वायरीवर लाल टेप लावतो, बल्कहेडवरही त्याच रंगांचा मार्कर. पहाटे चारला उठून दोन तास गाडी चालवल्यावर, वाऱ्यात वाकून जोडणी करताना स्मरणशक्तीवर विसंबू नये.

वायरी बरोबर असतील तर एव्ही-बेची गळती तपासा. बल्कहेडमधून ई-मॅचच्या (चार्ज पेटवणाऱ्या विजेच्या काडीच्या) वायरी जातात ती भोकं नीट बुजवलेली नसतील, तर ड्रोगच्या चार्जचा दाब एव्ही-बेमध्ये शिरतो. अल्टिमीटरला फक्त हवेचा दाब कळतो. दाब वाढला की त्याच्या लेखी रॉकेट खाली आलं. त्या उंचीवर एक पीएसआय दाब वाढला तर त्याला एकदम २३०० फूट पडल्यासारखं वाटतं, आणि दोन पीएसआय शिरला तर तो पाचशे फुटांवर आल्याचं समजून लगेच मेन उडवतो. नोंदीच्या आलेखात माथ्याजवळ टोकदार खड्डा दिसतो, उंची क्षणात खाली आणि क्षणात परत वर. असा खड्डा दिसला तर भोकं इपॉक्सी किंवा हॉट ग्लूने बुजवा. एव्ही-बे उघडून बल्कहेडच्या आतल्या बाजूला काजळी दिसली तर आणखी पुरावा नको.

एव्ही-बेची बाहेरची भोकं वेगळी, ती बुजवायची नाहीत. शंभर घन इंच आकारमानाला पाव इंचाचं एक भोक हे ढोबळ माप, किंवा तेवढ्याच क्षेत्रफळाची चार छोटी, नळीभोवती समान अंतरावर. एकाच बाजूला भोक असलं तर वाऱ्याची दिशा बदलली तरी आतला दाब बदलतो.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो आणि तिथे मित्रांबरोबर अल्टिमीटरची चाचणी करतो. त्याने विचारलं होतं, मोटरशिवाय हे कसं तपासू? लोणच्याची मोठी बरणी घे, झाकणाला भोक पाडून नळी बसव आणि मोठ्या सिरिंजने हवा ओढ. आत अल्टिमीटर आणि चार्जच्या जागी दोन छोटे दिवे. हवा ओढली की अल्टिमीटरला वाटतं वर चाललोय, ओढणं थांबवून हळूहळू सोडली की उतरतोय. ड्रोगचा दिवा आधी आणि मेनचा नंतर लागला तर वायरिंग बरोबर आहे. टेबलावर पाच मिनिटांत होणारी चाचणी आहे, आणि पावडर लागत नाही.

जमिनीवरची चाचणी

बहुतेक जण ही चाचणी करतात, पण अर्धीच. मेनचा चार्ज लावून नोजकोन उडतो का बघतात, वेगळ्याने ड्रोगचा चार्ज लावून बूस्टर सुटतो का बघतात, आणि ड्रोगच्या चाचणीच्या वेळी नोजकोन बाजूला काढून ठेवतात. मीही तसंच करायचो. माझी चूक नेमकी तिथे लपली होती.

ड्रोगची चाचणी उडवताना असतं तसं पूर्ण रॉकेट जोडून करा. नोजकोनमध्ये ट्रॅकर हवा, नसेल तर तेवढ्याच वजनाचं काहीतरी. पिना लावलेल्या, मेन घडी घालून आत, शॉक कॉर्ड टेपच्या वेढ्यांसकट. फक्त मेनचा चार्ज तेवढा नको.

तिसऱ्या लाँचच्या सकाळी, वारा उठायच्या आधी, आरएसओला (मैदानाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला) सांगून आम्ही हे पार्किंगपासून लांब, पलीकडच्या बाजूला केलं. गुळगुळीत ताडपत्री अंथरली, म्हणजे नळी घासून अडणार नाही, आणि रॉकेट आडवं ठेवलं. ई-मॅचची लांब वायर एव्ही-बेच्या भोकातून बाहेर काढली. डोळ्यांवर चष्मे, सगळे बाजूला, दोन्ही तोंडांच्या रेषेत कुणी नाही. जुनी मांडणी जशीच्या तशी होती: अडीच ग्रॅम, दोन पिना, ८५० ग्रॅमचा नोजकोन. मोठ्याने तीन-दोन-एक म्हटलं आणि बॅटरी जोडली.

बूस्टर मागे सरकत गेला, कॉर्ड ताडपत्रीवर सळसळत सुटली, टोकाला ताणली, आणि नोजकोन पेलोडमधून निघून धुळीत घरंगळत गेला. मेनचं नारिंगी कापड नळीच्या तोंडातून लोंबत होतं. जे दोनदा पाच हजार फुटांवर झालं होतं ते पायाशी घडलं. पिना काढून हातात घेतल्या. एक सरळ कापली गेली होती. दुसरी कापल्या जागी लांबट ओढली जाऊन पांढुरकी पडली होती, म्हणजे पहिली तुटल्यावर सगळा भार एकटीवर आल्यासारखी.

मग बदल केले. ड्रोगला सव्वा ग्रॅम, नोजकोनला चार पिना. पुन्हा चाचणी. बूस्टर सुटला, ड्रोग पूर्ण बाहेर आलं, टेपचे शेवटचे दोन वेढे शाबूत, आणि नोजकोन जागचा हललासुद्धा नाही.

इथे थांबू नका. पिना वाढवल्या की मेनचा चार्जही तपासावा लागतो, नाहीतर उलटं संकट येतं. मेन उघडलंच नाही तर रॉकेट ड्रोगवरच, ताशी ८० किलोमीटर वेगाने जमिनीवर येतं. लवकर उघडणाऱ्या मेनपेक्षा ते कितीतरी वाईट. माझी मेनची पोकळी १८ इंचांची, सूत्राने १.७ ग्रॅम येतात. १५ पीएसआयला चार इंची नोजकोनवर १८८ पौंड जोर मिळतो. चार पिनांना १२०-१३० लागतात, शिवाय नोजकोनच्या खांद्याचं घर्षण आहे. जमेल, पण मला हात राखून चालायचं नव्हतं. २.२ ग्रॅम भरले. चाचणीत नोजकोन सहा फूट गेला आणि मेन पिशवीसकट पूर्ण बाहेर आलं. तुमच्या नळीला तुमचा आकडा शोधा, माझा उचलू नका.

नळी पुठ्ठ्याची असेल तर पिनांची भोकं चार-पाच उड्डाणांत लांबट होतात आणि पिना कापल्या जाण्याऐवजी वाकतात. भोकाच्या आतल्या कडेला पातळ पितळी पट्टीचा तुकडा चिकटवा, धार मिळते. आणि पिना प्रत्येक उड्डाणाला नव्या. 'एकदाच वापरलीय, चालेल' असं म्हणू नका, पाच-सहा रुपयांची वस्तू आहे.

त्याच दिवशी साडेअकराला रॉकेट रेलवर चढवलं. फ्लाइट कार्डवर आरएसओने विचारलं, "मेन?" मी म्हटलं, "चार पिना, आज सकाळीच चाचणी केलीय." त्याने सही केली. के मोटरला दोनशे फूट अंतर लागतं, तेवढं मागे आलो. एलसीओने (रॉकेट सोडणाऱ्या अधिकाऱ्याने) लाउडस्पीकरवर पाचापासून उलटं मोजलं आणि पांढऱ्या धुराचा खांब उभा राहिला.

माथ्यावर धुराचा छोटा ठिपका दिसला. मित्र दुर्बिणीतून म्हणाला, "ड्रोग आहे. फक्त ड्रोग." रॉकेट गटांगळ्या खात झपाट्याने खाली येत होतं, तीन महिन्यांत पहिल्यांदाच. मिनिटभराने खाली 'फट्' झालं आणि नारिंगी मेन उघडलं. तळावाच्याच मातीवर, गाड्यांपासून दोन हजार फुटांच्या आत उतरलं, चालत जाऊन आणलं.

स्विच बंद केला, फोटो घेतले, मग पिना काढल्या. नोजकोनच्या खांद्यातले चार तुकडे आणि नळीतले चार, आठही सापडले. आठही काप सपाट होते, एकही ओढला गेलेला नव्हता. संध्याकाळी नोंद उघडली. उतरण्याची रेघ माथ्यापासून तीव्र, एकसारखी खाली आली होती, आणि ५०३ फुटांवर, जिथे मेनच्या चार्जची खूण होती, बरोबर तिथेच मंद झाली होती.